पाडव्याच्या भवानीबद्दल खरं काय ते

लिहून ठेवणार : द्वारकाबाई कडुबा मनगटे, वय वर्षे बहात्तर (आधार कार्डावर एकोणसत्तर आहे, ती चूक कार्डाची), धंदा मसाला कांडप, राहणार पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर. जुन्या कागदांवर औरंगाबाद लिहिलेलं आहे. शहर तेच आणि बाईही तीच, तेव्हा त्यावरून कोणी उगाच काथ्याकूट करू नये.

मी देवगाव रंगारीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली असून हा कागद माझ्या हातानं, चष्मा लावून, भर दिवसा, दुकानाच्या गादीवर बसून लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिलेला आहे. ते दाखला द्यायला दुकानात आले आणि सही करताना त्यांना चार शिंका आल्या, म्हणून सही वाकडी दिसते, पण सही त्यांचीच आहे. माझ्यावर कोणाचा दाब-दबाव नाही. आजवर माझ्यावर दबाव टाकणारा एकच माणूस झाला, माझे मालक कडुबा, आणि तेही चहात साखर कमी टाक, एवढ्यापुरतेच. ते जाऊन अकरा वर्षं झाली.

कलमं कशी घालायची ते मला वकील नीरजाबाईंनी सांगितलं. मधेमधे घरच्या गोष्टी लिहू नका, असंही त्यांनी सांगितलं. मी म्हणलं, बाई, घरच्या गोष्टी मृत्युपत्रात लिहायच्या नाहीत तर कुठं लिहायच्या, लाइटच्या बिलावर? त्यावर त्यांनी फी घेतली नाही, चहा घेतला. म्हणून त्यांना अर्धा किलो काळा मसाला दरसाल देत जावा.

कलम १. पुंडलिकनगरातलं दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर असून माझ्या कमाईचं आहे. ते माझ्या माघारी मुलगा विश्वजीत यास मिळावं. विश्वजीत वाळूजच्या कंपनीत पाळीवर जातो, स्वभावानं सरळ आहे, आणि आईचं सगळं खरं मानतो. हा त्याचा गुण म्हणून लिहिते, पुढं दोष म्हणूनही लिहावा लागणार आहे. घराला अट एकच. गच्चीवर मिरच्या वाळवायची जागा सोनियाची. तिथं त्यानं व्यायामाची सायकल ठेवली आहे, तिच्यावर तीन वर्षांत फक्त टॉवेल वाळले आहेत. ती सायकल उचलावी.

कलम २. मुलगी तनुजा, पैठणला दिलेली, तिला माझ्या दोन पाटल्या आणि पाटा-वरवंटा. माझी लग्नातली पैठणी तिला नको आहे. म्हणते, आमच्या गावात रोज विणतात, जुनी काय करू. बरं. पैठणी सोनियाला. तनुजाला मिक्सर आहे हे मला ठाऊक आहे, तरी पाटा तिनं न्यावाच. पाहुणे आले की दाखवायला बरा पडतो.

कलम ३. 'मनगटे मसाला कांडप' हे दुकान, त्यातली दोन कांडप यंत्रं, भाजायची मोठी कढई, तराजू, गादी, मालकांचा लोखंडी खलबत्ता आणि दुकानाच्या नावावर बँकेत असेल ते सगळं, सून सोनिया विश्वजीत मनगटे, माहेर फर्दापूर, हिला एकटीला पूर्ण मालकीनं मिळावं. यात विश्वजीतचा वाटा नाही, तनुजाचाही नाही.

हे वाचून घरात काय होईल ते मला आताच दिसतंय. विश्वजीत म्हणेल, जिनं त्रेचाळीस हजार एका फोनवर घालवले, तिच्या हाती दुकान? तनुजा पैठणहून पहिल्या एसटीनं येऊन तेच म्हणेल, जरा मोठ्यानं म्हणेल. दोघं मिळून कोर्टात जातील आणि सोनिया भांडणार नाही, किल्ल्या काढून देईल. तिचा स्वभावच तसा आहे. मग माझं दुकान विकलं जाईल आणि तिथं चायनीजची गाडी लागेल.

म्हणून ते त्रेचाळीस हजार कसे गेले, हे या कागदात लिहिणं मला भाग आहे. ते मी कलम ७ मध्ये लिहीन. इथंच लिहिणार होते, पण पेन थांबलं. आधी सोपी कलमं उरकते.

कलम ४. दुकानाच्या भिंतीवर मी रंगानं लिहून घेतलेले नियम पुसू नयेत. दर दिवाळीला त्यावर नवा रंग द्यावा. नियम असे. गिऱ्हाइकानं 'टाकले बघा' म्हणून फोन दाखवला तरी पैसे जमा झाले की बोलणारा आपला डबा बोलल्याशिवाय पिशवी हातात द्यायची नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन मागितला की पैसे आपलेच जाणार असं समजायचं. फोनवर कोणी घाई केली की फोन ठेवायचा. आणि वाचल्याशिवाय सही करायची नाही, सांगणारा कोणी का असेना. या चार ओळींमुळं आपल्या गल्लीतली निम्मी दुकानं वाचली, असं लोक म्हणतात. बचत गटाच्या बायकांपुढं माझं यावर दोनदा भाषण झालं. पिनची ओळ तुम्हाला कशी सुचली, असं एकीनं विचारलं होतं. मी म्हणलं, पेपरात वाचली.

दोन वर्षांखाली गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक गृहस्थ दुकानात आला. म्हणाला, अन्न खात्याचा साहेब आहे, तुमच्या मसाल्यात भेसळ असल्याची तक्रार आहे, दुकानाला सील लागेल, नाहीतर इथल्या इथं मिटवू. मी म्हणलं, बसा की साहेब. यंत्राला लागून स्टूल दिलं आणि सोनियाला म्हणलं, लवंगी टाक गं. मग साहेबांना म्हणलं, तुमच्या ऑफिसचा नंबर मी माझा शोधते, तुम्ही दिलेला नको, तोवर जरा दम धरा. त्यांनी दम धरला नाही. खरा साहेब असता तर रुमाल नाकाला लावून बसला असता आणि परवाना मागितला असता. हे डोळे चोळत निघाले ते पुंडलिकनगरच्या चौकापर्यंत शिंकत गेले. त्यांची छत्री दुकानात राहिली आहे. चांगली मोठी छत्री आहे. ती शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातल्या चंपाबाईला द्यावी, म्हणजे ती दर पावसाळ्यात माझी नेणार नाही.

कलम ५. माझ्या माघारी माझा फोन नंबर लगेच बंद करावा, बँकेला कळवावं, आधार कार्ड कोणाच्या हाती देऊ नये. मेलेल्या बाईच्या नावानं कर्ज काढणारे लोक आहेत. हल्ली माणसाचा आवाजही हुबेहूब काढतात म्हणे. तेव्हा माझ्या आवाजात कोणी फोन करून 'अगं, मी द्वारका, अडचणीत आहे, पैसे पाठव' असं म्हणालं, तर मी मेलेली आहे हे आधी आठवावं. मी जिवंत असतानाच असा फोन आला तर विचारावं, येसूरात बाजरी किती? उत्तर आलं नाही तर फोन ठेवावा. उत्तर सोनियाला माहीत आहे. इथं लिहीत नाही, कारण हा कागद चार हातांत फिरणार आहे आणि त्यातला एक हात चंपाबाईचा आहे.

आपल्या मराठवाड्यात लग्नघर म्हणलं की येसूर, म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं आमटीत घालायचं पीठ, आलाच, आणि मनगट्यांचा येसूर कन्नडपासून पैठणपर्यंत जातो. धान्यं किती भाजायची, कोणतं आधी, कोणतं मागून, ते सगळं मी सोनियाला शिकवलं आहे. ती आता माझ्यापेक्षा बरा करते. हे मी तिला तोंडावर कधी म्हणलं नाही. आज लेखी म्हणते.

कलम ६. माझ्याकडं एक शाल आहे. ती या दिवाळीनंतर गल्लीतल्या दुकानदारांनी मला नारळासकट दिली. नारळाची चटणी झाली. शाल सोनियाला द्यावी, कारण ती तिचीच आहे. ते असं.

आपल्या दुकानात पैसे घ्यायचा जो ठिपक्या-ठिपक्यांचा चौकोन लावलेला आहे, ज्याला सगळे स्कॅनर म्हणतात, त्याच्या कोपऱ्यावर सोनिया रोज सकाळी पूजेच्या वेळी हळदी-कुंकू लावते. यंत्राला, तराजूला, गल्ल्याला लावते तसंच त्याला. कालचं कुंकू वाळलेलं असतं, त्यावर आजचं. दिवाळीनंतरच्या सोमवारी ती ताट घेऊन उभी राहिली ती उभीच. मी म्हणलं, काय झालं? ती म्हणाली, "आत्या, कालचं कुंकू कुठं गेलं?"

स्कॅनर कोरा करकरीत होता. कोणीतरी त्याच्यावर त्याच मापाचा दुसरा कागद चिकटवून गेला होता. सोनियानं तिच्या फोननं बघितलं तर नाव भलत्याचंच आलं. गिऱ्हाईक यायच्या आत तिनं नखानं तो कागद सोलून काढला, खाली आपला स्कॅनर कुंकवासकट जसाच्या तसा. मग गल्लीत आरडाओरड झाली. आणखी पाच दुकानांवर तसेच कागद निघाले, मोबाइलवाल्या अभयच्या दुकानावर पण. तो स्वतः मोबाइल विकतो आणि त्याला पत्ता नाही.

सगळे विचारायला लागले, कोणी ओळखलं हो? मी गादीवर होते. सोनिया आत यंत्रावर गेली होती. मी म्हणलं, "माझी नजर आहे ना चौफेर." एवढंच म्हणलं. बाकीचं लोकांनी केलं. शाल मिळाली, फोटो निघाला. सोनियानं टाळ्या वाजवल्या, आणि त्या मनापासून वाजवल्या हे मी पाहिलं. त्या रात्री शाल अंगावर घेऊन मला झोप लागली नाही, उकाडा म्हणून नव्हे.

कलम ७. आता लिहिते. हे माझ्या माघारी वाचलं जाईल म्हणून लिहू शकते, समोरासमोर मला जमलं नसतं.

तीन वर्षांखालचा गुढीपाडवा. सोनियानं सकाळी दुकानाची पूजा केली. मालक गेल्यापासून हळदी-कुंकवाचं ताट मी तिच्या हाती दिलेलं आहे. तुम्ही हात लावू नका, असं मला कोणी म्हणलं नव्हतं. माझं मीच ठरवलं आणि मग तेच चालू राहिलं. त्या दिवशी तिनं सगळ्याला कुंकू लावलं आणि माझ्या फोनलाही लावलं. मी म्हणलं, त्याला कशाला गं? ती म्हणाली, "आता गल्ला त्यातच हाय ना आत्या." मग ती नैवेद्याचं ताट आणायला घरी गेली. मी येसूर कालवत बसले.

तेवढ्यात फोन आला. "माताजी, छावनी से सूबेदार बोल रहा हूँ. जवानों के लिए चालीस किलो काला मसाला चाहिए."

पाडव्याची भवानी, ती चाळीस किलोची, आणि ती जवानांची. धंद्यात नसलेल्या माणसाला हे कळणार नाही. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. तिला नाही म्हणायचं नाही, तिच्याशी घासाघीस करायची नाही, तिला परत पाठवायचं नाही, हे मालकांनी मला दुकानात बसवलं त्या दिवशी शिकवलं. एरवी गिऱ्हाइकाला दहा प्रश्न विचारणारी मी भवानीला एकही विचारत नाही. आणि ही तर वर्षाची भवानी. तो म्हणाला, "पहले एक रुपया भेजता हूँ माताजी, बोहनी का." लगेच डबा बोलला, एक रुपया मिळाला. नोट असती तर कपाळाला लावून गल्ल्यात टाकली असती. मी फोन कपाळाला लावला.

आता लिहिताना हसू येतंय. त्या चोरानं माझा धंदा माझ्यापेक्षा चांगला ओळखला होता.

मग त्यानं एक चौकोन पाठवला. म्हणाला, आगाऊ पैसे पाठवतो, हा स्कॅन करा, पिन टाका, जमा होतील. मी टाकला. डबा बोलला नाही. तो म्हणाला, अटक गया माताजी, एक बार और. मी परत टाकला. डबा तरी बोलला नाही, कारण जाणाऱ्या पैशाला तो डबा बोलतच नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सूबेदारांनी जय हिंद म्हणून फोन ठेवला. मीही जय हिंद म्हणलं.

त्रेचाळीस हजार दोनशे. ते पैसे झाकणाच्या यंत्राचे होते. आपली यंत्रं उघडी आहेत, मिरची कांडताना धूळ उडते आणि यंत्रावरच्या माणसाच्या छातीत बसते. झाकणाचं यंत्र घ्यायचं म्हणून दोन वर्षं साठवत होतो.

मी काय केलं, तर आधी तो फोन आणि बँकेचे निरोप पुसून टाकले. तेवढं मला येतं. अभय दारात आला, माझं तोंड बघून त्याला काहीतरी कळलं. म्हणाला, "मावशी, काय झालं असंल ते असू द्या, आत्ताच्या आत्ता सायबर पोलिसांच्या एकोणीसशे तीसला फोन लावा. लवकर लावला तर पैसे मधेच अडकवता येतात." मी त्याला म्हणलं, तू तुझे चार्जर विक. फोन लावला असता तर त्यांनी विचारलं असतं, सूबेदाराशी बोललं कोण, पिन टाकला कोणी. ते सांगायची मला लाज वाटली. पैसे त्या चोरानं नेले खरे, पण त्यांना जायला वाट माझ्या लाजेनं करून दिली. अभयला मी त्या दिवसापासून येसूर द्यायचा बंद केला. त्याचा गुन्हा एवढाच की तो खरं बोलला होता. त्याला दर पाडव्याला एक किलो द्यावा.

संध्याकाळी विश्वजीत आला आणि खात्यातले पैसे गेल्याचं त्याला दिसलं. त्यानं विचारलं, कसं झालं? माझ्या तोंडून निघालं, "सकाळी फोन सोनियाच्या हातात होता." हे खोटं नव्हतं. ते खोटं नव्हतं, एवढ्यालाच मी तीन वर्षं धरून बसले आहे. पिन कॅलेंडरच्या मागं लिहिलेला, सगळ्या घराला माहीत. सोनिया म्हणाली, "म्या नुसतं कुंकू लावलं." विश्वजीत म्हणाला, कुंकू लावून पैसे गेले असते तर सगळे पुजारी भिकेला लागले असते. मी हसले. त्या हसण्याची मला आजही शरम वाटते.

सोनियाला गादीवरून उठवलं आणि यंत्रावर बसवलं. तीन वर्षं ती पदर नाकाला बांधून त्या धुळीत बसते. नवं यंत्र आलंच नाही. ती खोकायला लागली की मी रेडिओ मोठा करते.

तर विश्वजीत, तनुजा, कान देऊन ऐका. फसले ते मी. माझा फोन, माझं बोट, माझी भवानी. सोनियानं एक पैसा घालवलेला नाही, उलट एका बोटाच्या कुंकवानं सगळी गल्ली वाचवली. दुकान तिला दिलं आहे ते या हिशोबानं. कोर्टात जायचं असेल तर जा, पण जाताना हे कलम बरोबर न्या.

पुरवणी. त्याच दिवशी, दुपारी चारच्या सुमारास. कागद इथं संपायचा होता, संपू दिला नाही.

साक्षीदार म्हणून मी चंपाबाईला आणि अभयला बोलावलं. मी शेवटचं पान पुढं केलं आणि बोट ठेवून म्हणलं, इथं सही करा. अभयनं पेन घेतलं. चंपाबाईनं चष्मा काढला, पुसला, लावला, आणि म्हणाली, "आधी वाचते."

मी म्हणलं, साक्षीदारानं माझी सही बघायची असते, मजकूर नाही. नीरजाबाईंना विचार पाहिजे तर.

"द्वारके," ती म्हणाली, "तुझ्या भिंतीवर काय लिवलंय ते जरा वाचून दाखव बरं मला."

मी भिंतीकडं पाहिलं. नियम चौथा. रंग मीच दिवाळीला दिलेला, लांबून सुद्धा दिसत होता.

चंपाबाईला मनात वाचता येत नाही. तिला मोठ्यानंच वाचावं लागतं, ती शाळेत असल्यापासून. तिनं पहिल्या पानापासून सुरुवात केली. छत्रीचं आलं तेव्हा तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुढं वाचत राहिली. आत यंत्र धाडधाड चालू होतं म्हणून मला जरा धीर होता. शालीच्या कलमापाशी यंत्र बंद झालं. मी म्हणलं, चंपे, बाकीचं उद्या वाच. ती म्हणाली, "आता कुठं रंगात आलंय." आणि तिनं कलम सातवं सगळंच्या सगळं वाचलं, सूबेदाराच्या हिंदीसकट. अभय खाली बघून पेनचं टोपण काढत-घालत होता.

सोनिया नाकाचा पदर सोडून यंत्राच्या खोलीच्या दारात उभी होती. सगळं अंग लाल धुळीनं भरलेलं. मला वाटलं, आता ही रडेल नाहीतर निघून जाईल, आणि दोन्ही तिचा हक्क आहे. तिनं एक खोकला काढला आणि म्हणाली, "आत्या, मला त्याच दिवशी कळलं व्हतं."

मी म्हणलं, काय कळलं होतं? मी तर सगळं पुसलं होतं.

"तुम्ही आतलं पुसलं. वरचं नाय. म्या लावलेलं कुंकू कोपऱ्यात तसंच व्हतं, जरा सुद्धा फिसकटलं नव्हतं. आन् खाली आकड्यांवर येसूराची बोटं. पिनच्या बरोब्बर चार आकड्यांवर, जाड जाड. दोनदा दाबलेली."

"मग बोलली का नाहीस?" हे मी विचारलं नाही, चंपाबाईनं विचारलं.

"यांनी फोन बघायला मागितला तव्हा म्या पदरानं पुसून मग दिला," सोनिया म्हणाली. "आत्या सकाळपासनं उपाशी बसल्या व्हत्या. तोंड एवढंसं झालं व्हतं. म्हणलं, सांगतील चार दिवसांनी आपणहून." मग पदराची धूळ झटकत म्हणाली, "चार दिवस जरा लांबले."

 तीन वर्षं तिनं मला चहा दिला, जेवायला वाढलं, माझ्या भाषणाला पुढं बसली आणि टाळ्या वाजवल्या, सगळं ठाऊक असून. मी तिला जवळ घेतलं. त्यामुळं मला शिंका आल्या आणि डोळ्यांतून पाणी आलं, त्यातलं मिरचीचं किती आणि माझं किती ते मी सांगणार नाही.

त्यामुळं या कागदात पुढीलप्रमाणे बदल करते. कलम ७ माझ्या माघारी वाचायचं होतं, ते वाचून झालेलं आहे. विश्वजीतला मी आज तो पाळीवरून आला की माझ्या तोंडानं सांगणार आहे. तनुजाला उद्या फोन करीन, आणि तिनं येसूरातल्या बाजरीचा प्रश्न आधी विचारावा. शाल आत्ताच सोनियाच्या खांद्यावर टाकली आहे, तिच्यावर लाल डाग पडले आहेत, त्याला इलाज नाही. माझ्या पाटल्या तनुजाला मिळणार नाहीत, त्या उद्या सराफाकडं जातील आणि झाकणाचं यंत्र येईल. तनुजा रागावेल, पाट्यावर भागवावं. येत्या गुरुवारी पाडवा आहे. पाडव्याची भवानी सोनिया करील, गादीवर बसून. भवानीचं गिऱ्हाईक असलं तरी तिनं त्याला दहा प्रश्न विचारावेत, मालकांची परवानगी मी काढली आहे. नवं यंत्र येईपर्यंत उघड्या यंत्रावर मी बसेन. खोकायचं ते मी खोकेन.

नीरजाबाईंनी सही आणि डाव्या हाताचा अंगठा दोन्ही पाहिजे म्हणून सांगितलं होतं. सही केली. अंगठ्याची शाई काढली तर डबी वाळून दगड झालेली. अभय म्हणाला, दुकानातून आणतो. सोनिया म्हणाली, थांबा, आणि पूजेचं ताट घेऊन आली.

मी हात मागं घेतला. अकरा वर्षांत मी कुंकवाला बोट लावलेलं नाही. चंपाबाई खाली बघायला लागली.

सोनियानं माझा अंगठा धरला. म्हणाली, "गल्ल्याला चालतं, यंत्राला चालतं, फोनला चालतं. मग तुम्हाला का नाय?"

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीनं लिहून, सगळ्यांसमोर वाचलं जाऊन, खाली सही केली आहे.

ठिकाण : मनगटे मसाला कांडप, पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १४ मार्च २०२६

सही : द्वारकाबाई कडुबा मनगटे
अंगठा, डावा : कुंकवाचा. सोनियानं धरून लावला.

साक्षीदार १ : चंपाबाई, बांगड्यांचं दुकान, शेजारी. सगळं वाचून सही केली. छत्री आजच नेली.
साक्षीदार २ : अभय, मोबाइल दुकान. येसूर एक किलो मिळाला.